आपोआप

अमेरिकेत पहिली गाडी घेतली त्या रात्री मी मिरजेला फोन करून आईला सांगितलं, "ऑटोमॅटिक आहे. क्लच नाही, गिअर टाकायची भानगड नाही. आपोआप पडतो."

आई म्हणाली, "आपोआप काही होत नसतं रे. कुणीतरी टाकत असेल आतून."

मी हसलो. आमच्या मिरजेच्या घरी पाण्याची टाकीसुद्धा आपोआपच भरायची. नळाला पाणी पहाटे चारला यायचं आणि आम्ही भावंडं सातला उठायचो तेव्हा टाकी काठोकाठ असायची. मधल्या तीन तासांत काय घडत असेल, असा प्रश्न आमच्यापैकी कुणाला पडल्याचं मला आठवत नाही.

आईचं ते वाक्य पुन्हा आठवायला अठरा वर्षं गेली. तेव्हा मी डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावात, बाहेर उणे बारा तापमान असताना, स्वतःच्याच गाडीखाली उताणा पडलो होतो आणि माझ्या डाव्या कानात लाल तेल ठिबकत होतं.

०००

सुरुवात दसऱ्याला झाली. सकाळी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढं घेतली. समोरच्यांच्या पायरीवर हॅलोविनचे भोपळे मांडलेले होते, त्यामुळे आमचं लिंबू कुणाला खटकलं नाही. संध्याकाळी सोनं द्यायला निघालो. महामार्गाला लागताना, दुसऱ्याचा तिसरा गिअर पडायच्या वेळी, इंजिन एकदम किंचाळलं. काटा चार हजारांवर गेला, वेग मात्र होता तेवढाच. दोनेक सेकंद आमचा त्रिशंकू झाला. मग तिसरा पडला, तोही मागून कुणी लाथ घातल्यासारखा. डॅशबोर्डवरची आपट्याची पानं (खरं तर इथल्याच कुठल्याशा झुडपाची) बायकोच्या मांडीत येऊन पडली.

"काय झालं?"

"गिअर बदलला."

"मग रोज नाही बदलत?"

"रोज बदलतो, पण कळत नाही. बदललेला कळला, की समजायचं कुठंतरी घसरतंय."

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्यानं तेलाची दांडी बाहेर ओढली, नाकाशी धरली आणि नाडी सापडलेल्या वैद्यासारखे डोळे मिटून म्हणाला, "चार हजार दोनशे डॉलर." गाडी विकायला काढली असती तर तीन हजार आठशे आले असते. रोग्यापेक्षा औषध चारशेनं महाग होतं. मी ठरवलं, हे काम घरीच करायचं.

या धाडसामागं माझी पात्रता एवढीच, की शाळेत असताना मी वडिलांच्या स्कूटरचा प्लग काढून पॉलिश पेपरनं घासत असे. शिवाय मी मिरजेचा. आमच्या गावात भोपळ्याला कान लावून तंबोरा जुळवतात. तेव्हा लोखंडाच्या डब्याला कान लावून त्याचं दुखणं ओळखणं आपल्याला जड नाही, असा माझा समज होता. पोटासाठी मी बँकांची सॉफ्टवेअरं लिहितो, ही गोष्ट मी त्या दिवसापुरती बाजूला ठेवली.

सल्लागारांची इथं ददात नाही. डेट्रॉइटच्या परिसरात मराठी कार्यक्रमात दगड भिरकावला तर तो मोटारींच्या इंजिनिअरलाच लागतो. फक्त तो इंजिनिअर आरशाचा असतो, नाहीतर सीटमधल्या फोमचा. माझा एक मित्र सोळा वर्षं काच खाली करायच्या बटणावर काम करतोय. त्यानं फार आत्मविश्वासानं सांगितलं, "गिअरबॉक्समध्ये विशेष काही नसतं रे."

पुण्याचा मामेभाऊ व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "दादा, आमचीपण ऑटोमॅटिक आहे. कधी कुरकुर नाही." त्याची गाडी वेगळ्या जातीची. २०१४ साली सेलेरिओबरोबर भारतात जी स्वस्तातली ऑटोमॅटिक घरोघर पोचली, तिच्या पोटात आपला नेहमीचा हातानं टाकायचा गिअरबॉक्सच असतो. फक्त क्लच दाबायला आणि गिअर सरकवायला यंत्राचे हात बसवलेले असतात. आई म्हणाली होती तसंच, आतून कुणीतरी टाकत असतं. माझ्या गाडीत मात्र नेहमीचा क्लच नव्हता आणि नेहमीचे गिअरही नव्हते. तिथं ग्रह होते. त्यांच्याकडे नंतर येऊ.

खरा तज्ज्ञ निघाला शेजारीच. आमच्या उजवीकडचे म्हातारे गृहस्थ विलो रनच्या कारखान्यात गिअरबॉक्स जोडायच्या कामावर होते. विलो रनला दुसऱ्या महायुद्धात फोर्डचा बॉम्बर विमानांचा कारखाना होता. ऐन भरात तासाला एक बी-२४ विमान बाहेर पडत असे. १२ ऑगस्ट १९५३ रोजी लिव्होनियातला जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक नावाच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा कारखाना आगीत भस्मसात झाला, तेव्हा कंपनीनं ते काम विलो रनला हलवलं. विमानांच्या शेडमध्ये गिअरबॉक्स तयार होऊ लागले. आमचे शेजारी १९८० साली तिथं लागले ते २०१० साली कारखान्याला कुलूप लागेपर्यंत.

"म्हणजे तुम्ही हजारो गिअरबॉक्स जोडले असतील!" मी म्हणालो.

"हजारो पंप बसवले," ते म्हणाले. "तीस वर्षं मी फक्त पंप बसवला. माझ्या आधी काय व्हायचं आणि माझ्या पुढं काय व्हायचं, मला विचारू नकोस."

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीनं त्यांचं नाव तिथल्या तिथं ठेवलं: पंप आजोबा.

०००

निदानाचं काम डॅशबोर्डखाली सुरू होतं. १९९६पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीला तिथं तपासणीचं सॉकेट असणं सक्तीचं आहे. वीस डॉलरचं यंत्र आणून जोडलं. पडद्यावर उमटलं, पी ०७००. पुस्तकात अर्थ पाहिला. 'गिअरबॉक्स सांभाळणाऱ्या संगणकाची काहीतरी तक्रार आहे. त्याच्याकडे चौकशी करावी.' मला एकदम घरच्यासारखं वाटलं. अर्ज बरोबर होता, खिडकी चुकली होती. मग जरा महागाचं यंत्र आणून दुसऱ्या खिडकीवर उभा राहिलो. तिथं पी ०७३३ मिळाला, म्हणजे तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. आत जाणारे फेरे आणि बाहेर येणारे फेरे यांचा हिशेब लागत नव्हता. मधे कुणीतरी खात होतं.

मग तेल. इंजिन तापवून, चालू ठेवून दांडी बाहेर काढायची आणि टिपकागदावर थेंब टाकायचा. तेल हवं चेरीसारखं लाल आणि पारदर्शक. माझं होतं टपरीवरच्या तिसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखं, आणि वास फोडणीत मोहरी करपल्याचा.

हे तेल म्हणजे नुसतं वंगण नव्हे. इंजिनची ताकद तेच पुढं पोचवतं, क्लच तेच दाबतं, उष्णता तेच वाहून नेतं आणि क्लचच्या प्लेटांनी एकमेकींना धरायचं तेही त्याच तेलात बुडून. बेअरिंगला ते निसरडं हवं आणि प्लेटांना जरा चिकटून राहणारं. एकाच वेळी आईची आणि बायकोची बाजू घेणाऱ्या माणसासारखी त्याची अवस्था असते. हा समतोल साधावा म्हणून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या तेलात स्पर्म व्हेलचं तेल मिसळत. पुढं कायद्यानं व्हेलला अभय मिळालं आणि ते काम रसायनशास्त्रज्ञांच्या गळ्यात पडलं.

"मग तेल बदलून टाक की," बायको म्हणाली.

इथंच तर गंमत आहे. करपलेलं तेल बदलू नये, असं सगळे जाणते सांगतात. बदललं की गाडी जागेवर बसते म्हणे. कारण झिजलेल्या प्लेटांचा चुरा त्या तेलात तरंगत असतो आणि त्या चुऱ्याच्या खरखरीवरच उरलेल्या प्लेटा एकमेकींना धरून असतात. म्हणजे कचरा हाच आधार. मी अशा एकदोन संस्था पाहिल्या आहेत. नवीन सचिव साफसफाई करायला आला, की महिन्याभरात बंद पडतात.

मग स्टॉल टेस्ट. चारी चाकांना लाकडी गुटके लावायचे, डाव्या पायानं ब्रेक जीव खाऊन दाबायचा आणि उजव्या पायानं ॲक्सिलरेटर पूर्ण. बैलाची वेसण मागं ओढायची आणि त्याच वेळी शेपूट पिरगाळायची, असा हा प्रकार. पाच सेकंदांच्या वर नाही, कारण तेवढ्यात सगळी ताकद तेलात जिरून तेल उकळायला लागतं. या परीक्षेत टॉर्क कन्व्हर्टर कसाला लागतो. एक टेबलफॅन चालू करा आणि त्याच्यासमोर दुसरा, बंद असलेला ठेवा. पहिल्याच्या वाऱ्यावर दुसरा फिरू लागतो. वाऱ्याऐवजी तेल घाला, दोन्ही पंखे एका डब्यात बंद करा, मधे तेलाची धार वळवून देणारं तिसरं चाक बसवा, की झाला कन्व्हर्टर. जर्मनीतल्या हर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ साली हे पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. इंजिन फिरत असतं, चाकं थांबलेली असतात आणि तरी काही तुटत नाही, ते या डब्यामुळं.

माझा काटा जिथं थांबायला हवा तिथंच थांबला. म्हणजे कन्व्हर्टर ठीक, पहिला गिअर ठीक. मग तेलाचा दाब मोजायला गिअरबॉक्सच्या बाजूच्या भोकात गेज लावला. दाबही पुस्तकाबरहुकूम.

"पंप चांगला आहे," पंप आजोबा म्हणाले, आणि घरी जाऊन झोपले.

०००

दुखणं तिसऱ्या गिअरच्या क्लचमध्ये होतं आणि तो क्लच होता गिअरबॉक्सच्या पोटात. तो उतरवण्यावाचून इलाज नव्हता. "दोन शनिवार-रविवार," मी बायकोला म्हणालो. कुठले, ते सांगितलं नाही.

दर शनिवारी सकाळी गॅरेजमधल्या खिळ्यावरचा जुना शर्ट अंगात चढवायचा आणि गाडीखाली शिरायचं, असा क्रम सुरू झाला. गिअरबॉक्स इंजिनला ज्या बोल्टांनी धरलेला असतो त्यातले वरचे दोन अशा ठिकाणी असतात, की जिथं डोळा पोचतो तिथं हात पोचत नाही आणि जिथं हात पोचतो तिथं बोल्ट नसतो. पान्याला एकापुढं एक दांडे जोडत मी गाडीच्या शेपटीकडून तिच्या मानेपर्यंत गेलो. ते दोन बोल्ट दिवाळीला सुटले. फराळाला आलेल्या मंडळींना मी चकलीच्या आधी बोल्ट दाखवले.

सत्तर किलोंचं ते धूड जॅकवर बसवून इंच-इंच खाली घेतलं. तेल धरायला मोठं काहीतरी हवं होतं म्हणून घरातली कणीक मळायची परात घेतली. ही परात मिरजेहून तेवीस किलोंच्या मर्यादेत, कपडे कमी करून आणलेली. कन्व्हर्टर सुटताना त्याच्या पोटात बरंच तेल उरलेलं असतं, हे मला माहीत होतं. ते सगळं एकदम येतं, हे माहीत नव्हतं. परात भरली, जमीन भरली आणि एक काळपट लाल ओघळ ड्राइव्हवेवरच्या ताज्या बर्फात उतरला. कुत्र्याला फिरवायला निघालेली समोरची बाई क्षणभर थबकली आणि रस्ता ओलांडून पलीकडून गेली.

०००

गिअरबॉक्स खोलला, त्या रात्री आईचा फोन आला.

"काय निघालं?"

"ग्रह निघाले."

"मला वाटलंच होतं," आई म्हणाली. "कुठला?"

तिला पटवून द्यायला वेळ लागला, पण आत खरोखरच ग्रहमाला असते. मधे सूर्य नावाचा गिअर, त्याच्याभोवती फिरणारे ग्रह, त्या ग्रहांना धरणारी एक चौकट, आणि सगळ्यांना कवेत घेणारं दातेरी कडं. सूर्य, चौकट आणि कडं या तिघांचं गणित साधं आहे. एकाला फिरवा, एकाला घट्ट धरून ठेवा, तिसरा बाहेर वेग देतो. कुणाला धरलं त्यावर वेग कमी, जास्त किंवा उलटा ठरतो. कुठल्याही दोघांना एकमेकांशी बांधलं, की सगळे मिळून एकाच वेगानं फिरतात. आणि कुणालाच धरलं नाही, तर न्यूट्रल. सगळे आपापल्या जागी गरागरा फिरतात आणि गाडी तसूभर हलत नाही. मी कार्यकारिणीच्या सभांना गेलेला माणूस असल्यानं हे मला पुस्तक न वाचता समजलं.

गिअर बदलणं म्हणजे इथं दाते जुळवणं नसतंच. दाते कायमचे जुळलेलेच असतात. बदलतं ते एवढंच, की या क्षणी कुणाला धरायचं आणि कुणाला सोडायचं. धरायचं काम क्लचचं. आणि कुणी कधी धरायचं हे ठरवणारा असतो व्हॉल्व्ह बॉडी नावाचा ॲल्युमिनियमचा ठोकळा. त्याच्या अंगावर कोरलेल्या चर पाहिल्या, की शनिवारवाड्याच्या आसपासच्या बोळांचा नकाशा पाहतोय असं वाटतं. १९३९ साली हायड्रामॅटिक पहिल्यांदा बाजारात आला तेव्हा संगणक नव्हते. गाडीचा वेग किती आणि पाय किती दाबलाय, या दोन दाबांची या बोळांतून झटापट व्हायची आणि जो जिंकेल त्याच्या मनासारखा गिअर पडायचा. तोच गिअरबॉक्स पुढं महायुद्धात अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत गेला. रणगाडा चालवणाऱ्यालाही गिअर आपोआपच पडतो असं वाटलं असणार.

तिसऱ्याचा क्लच बाहेर काढला. एक पोलादी प्लेट, एक अस्तर लावलेली प्लेट, पुन्हा पोलादी, अशी थप्पी. पोलादी प्लेटांवर निळे-काळे चट्टे पडले होते आणि अस्तराच्या जागी काजळी उरली होती. ते अस्तर कशाचं असतं हे वाचलं तेव्हा मी खालीच बसलो. कागदाचं! लगद्यापासून केलेला, राळेत भिजवून भाजलेला खास कागद. दीड टन लोखंड, आत चार माणसं, डिकीत तांदळाची वीस पौंडांची पिशवी, आणि हे सगळं तिसऱ्या गिअरमध्ये ओढतात ते कागदाचे काही तुकडे. कागदावर कारभार चालतो हे मी सरकारी कचेऱ्यांत पाहिलं होतं. तो सत्तर मैलांच्या वेगानंही चालू शकतो, हे नवीन होतं.

पण कागद जळला हा परिणाम झाला. कारण शोधायचं होतं. प्लेटा दाबणाऱ्या पिस्टनला हवेची नळी लावून फुंकर दिली. धडधाकट पिस्टननं 'थप्प' असा एकच आवाज द्यायला हवा. माझ्या पिस्टननं दम्याच्या रोग्यासारखा लांब 'फुस्स्' केला. मिरजेच्या कानाला तेवढं पुरलं. पिस्टनच्या कडेचं रबरी सील वर्षानुवर्षं तापून पापडासारखं कडक झालं होतं. पंपाकडून दाब पुरेपूर यायचा, पण पिस्टनपाशी येऊन कडेनं गळून जायचा. प्लेटा अर्धवट दाबल्या जायच्या, घसरायच्या, घसरल्या की तापायच्या, तापल्या की जळायच्या. मूळ गुन्हेगार चार डॉलरचा. फाशी गेली प्लेटांना.

०००

खोलणं सोपं असतं, हे प्रत्येक मिस्त्री सांगतो. आणि ते ऐकून सगळे खोलतात.

नव्या प्लेटा तेलात भिजत घातल्या (साबुदाण्यासारख्या: कोरड्या लावल्या तर सगळं फसतं). व्हॉल्व्ह बॉडी धुऊन स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडली. सुती फडकं वापरायचं नाही, कारण एक धागा बोळात अडकला तरी वाहतूक बंद. जी बारीकसारीक चीज जागेवर ठरत नाही ती पेट्रोलियम जेलीनं चिकटवायची. ग्रीस नाही, जेली तेलात विरघळते, ग्रीस जाऊन जाळीत बसतं. थंडीत माझे ओठ फुटले होते आणि घरातली जेलीची प्रत्येक डबी व्हॉल्व्ह बॉडीनं संपवली होती.

त्या बोळांच्या चौकाचौकांत माझ्या गिअरबॉक्समध्ये सात पोलादी गोळ्या बसतात. तेल एका बाजूनं आलं तर वाट देतात, दुसऱ्या बाजूनं आलं तर अडवतात. दिसायला वाटाण्याएवढ्या. मी मोजल्या तर सहा. पुन्हा मोजल्या, सहा. दोन दिवस मी फ्रिजखाली बॅटरी मारत फिरलो. मुलीला तिच्या गोट्यांच्या डब्यासह चौकशीला बोलावलं. पंप आजोबांनाही विचारलं, ते म्हणाले, "पंपात गोळी नसते." तिसऱ्या दिवशी संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना पाहिलं, तर सातवी गोळी हळदीकुंकवाच्या करंड्यात.

"अरे वा! आपोआप सापडली!" मी ओरडलो.

बायकोच्या हातात लोहचुंबक होता. तो तिनं न बोलता ओट्यावर ठेवला.

शेवटचे बोल्ट आवळायची वेळ आली. अमेरिकेत आवळण्याची दोन मापं आहेत, फूट-पौंड आणि इंच-पौंड, आणि दोघांत बारा पटींचा फरक. पुस्तकात आकडा होता शंभर. मी माझा मोठा फूट-पौंडाचा पाना लावला आणि ताकद लावायला सुरुवात केली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मुलगी गणिताचा गृहपाठ करत होती. तिनं मान तिरकी करून पान वाचलं.

"बाबा, तिथं इंच लिहिलंय."

टप्, असा आवाज आला आणि बोल्टाचं डोकं माझ्या हातात आलं. उरलेलं धड बाहेर काढण्यात संक्रांत गेली.

०००

फेब्रुवारीच्या शेवटी गिअरबॉक्स पुन्हा गाडीखाली पोचला. कन्व्हर्टर परीक्षेत पास झाला होता, पण जळक्या प्लेटांचा चुरा त्याच्याही पोटात गेलेला, आणि कन्व्हर्टर घरी साफ होत नाही. तो वेल्डिंगनं कायमचा बंद केलेला डबा असतो. दुसरा विकत आणला. तो गिअरबॉक्सच्या तोंडात सरकवला, फिरवला, 'ठक्' असा आवाज आला. पुन्हा फिरवला, पुन्हा 'ठक्'. बसला. मी बोल्ट उचलले.

"थांब," मागून आवाज आला. पंप आजोबा गॅरेजच्या दारात, पायजम्यावर कोट घालून उभे. "किती ऐकू आले?"

"दोन."

"तीन हवेत. पहिला शाफ्टचा, दुसरा मधल्या चाकाचा. तिसरा माझा."

तिसरा त्यांचा म्हणजे पंपाचा. कन्व्हर्टरची मान पंपाच्या खाचेत बसल्याशिवाय वरून बोल्ट आवळले, तर इंजिनच्या दाबाखाली पंप फुटतो, आणि ते कळतं गाडी सुरू केल्यावर. माझा कन्व्हर्टर बोटभर बाहेर होता. पाच महिन्यांची मेहनत त्या बोटभर अंतरात अडकली होती. आजोबांनी हातमोजे काढले, तळवे कन्व्हर्टरवर ठेवले आणि जात्याचा खुंटा फिरवावा तसा तो अलगद फिरवला. एकदा, दोनदा. सातव्या-आठव्या फेऱ्याला आतून बारीक, गोल, समाधानी 'ठक्' आला.

"तीस वर्षं मी पंप बसवला," ते म्हणाले, "आणि लोकांनी फोडलेले परत आलेले पाहिले. सगळे दोनवर थांबलेले."

०००

गुढीपाडव्याला गाडी तयार झाली. मागच्या अंगणात बर्फ होता, त्यात गुढी रोवली, गाठी घातली. बायकोनं खर्चाचा कागद पुढं केला. सुटे भाग, कन्व्हर्टर, जॅक, पाने, तेल, धरून एक हजार नऊशे दहा डॉलर.

"गॅरेजच्या निम्म्याहून कमी," मी म्हणालो.

"आणि सहा महिने?"

"ते त्यात धरलेले नाहीत."

आम्ही तिघं आणि मागच्या सीटवर पंप आजोबा, असे दसऱ्याच्याच रस्त्याला लागलो. पहिला पडला. दुसरा पडला. महामार्गाचा चढ आला, तसे माझे तळहात घामेजले. मी काट्यावर नजर लावली. काटा चढला, चढला, आणि मांजर कुशीवर वळावं तसा खाली आला.

"झालं!" मी ओरडलो.

बायको दचकली. "काय झालं?"

"दुसऱ्याचा तिसरा पडला!"

"मला तर काहीच कळलं नाही."

मागून पंप आजोबा म्हणाले, "आम्हाला त्याचाच पगार मिळायचा."

घरी येऊन गाडी आत लावली. श्रीखंडाची वाट पाहणारी मंडळी आत गेली. मी एकटाच मागं रेंगाळलो, सहा महिन्यांच्या सवयीनं हात खिळ्याकडे गेला, आणि थांबला. खिळ्यावर शर्ट होता. धुतलेला, घडीच्या रेषा असलेला. काल रात्री मी तो काढला तेव्हा लाल-काळ्या तेलानं निथळत होता. आणि काल रात्रीच कशाला? दसऱ्यापासून दर शनिवारी त्या खिळ्यावर धुतलेला शर्ट होता.

मी तो हातात घेऊन स्वयंपाकघरात गेलो. बायको पुऱ्या तळत होती.

"हा शर्ट... तू दर आठवड्याला धूत होतीस?"

तिनं झारा तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

"कळलं तुला?" ती म्हणाली. "म्हणजे कुठंतरी घसरतंय."